अर्जेंटिनाही पेठांचीच

१८ डिसेंबर २०२२, रविवार. आपल्याकडच्या रात्री साडेआठला कतारमध्ये वर्ल्ड कपची अर्जेंटिना-फ्रान्स फायनल सुरू झाली तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका मंडळानं गणपतीत जिथं मांडव घालतात तिथंच पडदा बांधला होता. सतरंज्या पुढं, प्लास्टिकच्या खुर्च्या मागं, त्यामागं गाड्यांवर टेकलेली पोरं. २३व्या मिनिटाला मेस्सीनं पेनल्टी मारली, ३६व्या मिनिटाला डी मारियानं दुसरा गोल केला आणि लोक एकमेकांना पेढे कुठून आणायचे ते विचारू लागले. मग ८०व्या आणि ८१व्या मिनिटाला फ्रान्सच्या एम्बापेनं दोन गोल केले आणि गल्ली चिडीचूप झाली. जादा वेळेत पुन्हा एक-एक. ३-३. अगदी शेवटच्या क्षणी कोलो मुआनी एकटा गोलकीपरसमोर आला आणि एमिलियानो मार्टिनेझनं डावा पाय लांबवून तो फटका अडवला. माझ्या शेजारी कानटोपी घालून बसलेले, ऐंशीच्या घरातले एक आजोबा त्या क्षणी उभे राहिले ते शूटआउट संपेपर्यंत खाली बसलेच नाहीत. अर्जेंटिना जिंकली. कुणीतरी मंडळाच्या खोलीतून ताशा काढला आणि मध्यरात्रीच्या सुमारास निंबाळकर तालीम चौकाच्या दिशेनं, परवानगी नसलेली, छोटीशी मिरवणूक निघाली.

हे प्रेम खरं आहे. १९८६ साली दूरदर्शननं मेक्सिकोचा वर्ल्ड कप दाखवला. मॅराडोनाचे इंग्लंडविरुद्धचे ते दोन गोल आमच्याकडे मध्यरात्रीनंतर दिसले आणि ज्यांनी ते पाहिले त्यांची अर्जेंटिना आयुष्यभरासाठी ठरून गेली. पुढच्या पिढीनं ती घरातल्या देवासारखी वारशानं घेतली. आज आमच्या पेठेतला दहावीतला मुलगा मँचेस्टर सिटीची सगळी टीम तोंडपाठ सांगतो, ऑफसाइडवर वाद घालतो, युरोपातली मॅच बघायला पहाटेपर्यंत जागतो.

पण या पेठेच्या नावानं मैदानात उतरणारी, जिच्यासाठी पेठ दुकानं लवकर बंद करून मॅचला जाईल, अशी फुटबॉलची टीम नाही. चॅम्पियन्स लीग पाहणारा हा मुलगा आपल्या गल्लीतल्या माणसाला अकरा जणांत खेळताना बघतच नाही. माझ्या मते आपल्या फुटबॉलचं सगळं दुखणं इथं आहे. ते दिल्लीतल्या फेडरेशनच्या ऑफिसात नंतर पोचतं, सुरुवात पेठेत होते.

*

ज्या अर्जेंटिनासाठी आम्ही जागतो, ती येते कुठून? ब्युनोस आयरेस हे शहर समजून घ्यायचं तर पुणेकराला फार कष्ट पडू नयेत, कारण तेही पेठांचं शहर आहे. बोका ज्युनियर्स हा क्लब ला बोका या बंदराकाठच्या वस्तीतला, १९०५ मध्ये इटालियन स्थलांतरितांच्या पोरांनी काढलेला. रिव्हर प्लेट १९०१ मधला, तोही मूळचा ला बोकाचाच, पुढं नुन्येझ भागात गेलेला. एका शहरात आणि त्याच्या आसपास पहिल्या श्रेणीतले डझनाहून जास्त क्लब आहेत आणि बहुतेकांमागं कुठली ना कुठली वस्ती उभी आहे. मेस्सी रोसारिओचा. तो पहिल्यांदा खेळला तो ग्रांदोली या घराजवळच्या छोट्या क्लबात, मग न्यूवेल्स ओल्ड बॉइजमध्ये. बार्सिलोना त्यानंतर आली.

या क्लबांना मालक नसतो. ते सभासदांचे असतात. सभासद वर्गणी भरतात, निवडणुकीत अध्यक्ष निवडतात, हिशेब मागतात, भांडतात. आपल्याकडच्या सहकारी संस्थेत किंवा गणेश मंडळात जे चालतं तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. क्लबांच्या कंपन्या करायला परवानगी द्यावी असा प्रयत्न राष्ट्राध्यक्ष मिलेई यांच्या सरकारनं अलीकडे केला, तेव्हा बहुतेक क्लब त्याविरुद्ध उभे राहिले.

त्यातल्या एका क्लबाची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण मला ती पुण्यातल्या प्रत्येक फुटबॉलप्रेमीनं ऐकायला हवी असं वाटतं. सान लोरेन्सो हा १९०८ चा क्लब. पोरं रस्त्यावर खेळायची, रस्त्यावरून ट्राम जायची, आणि एका मुलाचा अपघात होता होता वाचला. ते पाहून लोरेन्सो मासा नावाच्या पाद्र्यानं मुलांना चर्चच्या आवारात खेळायला जागा दिली. क्लबाच्या नावातला लोरेन्सो तिथून आला, असं सांगतात. बोएदो वस्तीत त्यांचं मोठं स्टेडियम उभं राहिलं. लष्करी राजवटीच्या काळात, १९७९ मध्ये, तिथला शेवटचा सामना झाला, क्लबाला जागा सोडावी लागली आणि पुढं तिथं कार्फूर कंपनीचं सुपरमार्केट आलं. क्लब दुसरीकडे खेळू लागला. नवं स्टेडियमही झालं. पण बोएदोची माणसं गप्प बसली नाहीत. मोर्चे काढले, सह्या गोळा केल्या, विधानसभेवर धडका दिल्या. २०१२ मध्ये शहराच्या विधानसभेनं ती जागा क्लबाला परत मिळावी म्हणून कायदा केला. फुकट नव्हे, विकत. मग सभासदांनी चौरस मीटरच्या हिशेबानं पैसे भरले, आणि २०१९ मध्ये जमीन ताब्यात आली. चाळीस वर्षं. ज्यांनी ते स्टेडियम कधी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं, अशा नातवंडांनीही त्यासाठी पैसे दिले. पोप फ्रान्सिस याच क्लबाचे सभासद होते आणि पोप झाल्यावरही राहिले.

या एका गोष्टीत मला अर्जेंटिनाचे तिन्ही वर्ल्ड कप दिसतात. ज्या देशात सुपरमार्केट हटवून मैदान परत आणण्यासाठी माणसं दोन पिढ्या झुंजतात, तिथं मेस्सी जन्मला याचं आश्चर्य कशाला वाटावं?

*

यासाठी ब्युनोस आयरेसपर्यंत जायचीही गरज नाही. सातारा रस्त्यानं चार-पाच तासांत कोल्हापूर येतं.

कोल्हापुरात फुटबॉल तालमींनी खेळवला. तालीम म्हणजे लाल माती, मारुती, जोर-बैठका, आणि गल्लीतल्या पोरांना वळण लावणारी वडीलधारी माणसं. शाहू महाराजांच्या काळात कुस्तीला राजाश्रय मिळाला, खासबागेचं मैदान झालं, तालमी फोफावल्या. पुढं याच तालमींच्या पोरांनी फुटबॉल धरला. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली, जिला सगळे केएसए म्हणतात. छत्रपती घराण्यानं या खेळाच्या पाठीवरचा हात आजवर काढलेला नाही. टीमची नावं नुसती वाचली तरी कळतं हा कसला फुटबॉल आहे ते: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. मध्येच प्रॅक्टिस क्लब. ही मंडळं गणपतीही बसवतात, शिवजयंतीही करतात आणि लीगही खेळतात. एकच खोली, तेच कार्यकर्ते, तीच वर्गणी.

शाहू स्टेडियमवर मोठ्या मॅचच्या दिवशी दुपारीच गर्दी व्हायला लागते. गॅलरीत माणूस कुठं बसतो यावरून त्याची पेठ ओळखता येते. शेजारी बसलेला अनोळखी माणूस आधी तुम्ही कुठले ते विचारतो, मग खेळाडूंची ओळख करून देतो, आणि ती ओळख अशी असते: हा अमक्याचा धाकटा, याचा चुलता पूर्वी बॅक खेळायचा, यानं परवा डोकं लावून गोल मारला. आकडेवारी कुणी सांगत नाही, नाती सांगतात. पाठीवरच्या नंबरापेक्षा आडनाव महत्त्वाचं. चुकीचा पास गेला की शिवी येते, पण तीही घरातल्या मुलाला घालावी तशी, पुढच्या चांगल्या पासला लगेच मागं घेतलेली. मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ असा सामना असला की शहरात सकाळपासून एकच प्रश्न, ‘आज कुणाची मॅच हाय?’ आणि विचारणाऱ्याला उत्तर माहीत असतं.

वर्ल्ड कप आला की हेच कोल्हापूर ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटलं जातं. गल्ल्यांतून झेंडे, भिंतीवर रंग, चौकात मेस्सी-नेमार-रोनाल्डोचे उंच कटआउट. वरवर पाहता ते आमच्या पेठेसारखंच दिसतं. फरक असा की कोल्हापूरकर मेस्सीकडे पाहतो तेव्हा त्याला खेळाची आतली गोष्ट कळते, कारण विंगेवरून आत येणारा पोरगा त्यानं गेल्याच रविवारी पाहिलेला असतो. आम्हाला मेस्सी फक्त पडद्यावरचा माहीत.

कोल्हापूरचं सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. हुल्लडबाजी होते, मैदानातलं भांडण रस्त्यावर येतं, सामने थांबवावे लागतात, टीमवर कारवाई होते. जिंकण्याच्या ईर्ष्येपायी नायजेरियन खेळाडू आणून पैसे खर्च करायची चढाओढ लागते आणि गल्लीतलं पोरगं बाकावर बसतं. इतकं वेड असून देशाच्या मुख्य संघात कोल्हापूरकर मूठभरही नाहीत, कारण पेठेची लीग आणि देशाचा फुटबॉल यांच्यामधल्या पायऱ्याच आपण बांधल्या नाहीत. तरी अनिकेत जाधव तिथूनच निघाला. क्रीडा प्रबोधिनीतून, पुण्याच्या अकादमीतून पुढं जात २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. ९ ऑक्टोबर २०१७ ला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगनं हेडर मारून वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल केला, ती ही टीम. एफसी कोल्हापूर सिटी हा मुलींचा संघही राष्ट्रीय महिला लीगपर्यंत जाऊन आला आहे. पायऱ्या नसताना हे होतं, हे विसरायला नको.

*

आता आमच्या पेठेकडे. खेळाची परंपरा आम्हाला नाही असं म्हणणाऱ्यानं आधी टिळक रोडवरून एक चक्कर मारावी. १९२४ मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढलं. जवळच स. प. महाविद्यालय. तिथं प्रा. दि. ब. देवधर संस्कृत शिकवायचे आणि मैदानावर महाराष्ट्राचं नेतृत्व करायचे. १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोन रणजी करंडक महाराष्ट्रानं त्यांच्या कर्णधारपदाखाली जिंकले. थोडं पुढं, नदीपलीकडे, १९०६ चं डेक्कन जिमखाना. तिथल्या शर्यतींत अनवाणी धावणारी खेड्यापाड्यांतली पोरं पाहून दोराबजी टाटांनी ऑलिंपिकला भारताचा चमू पाठवायचं मनावर घेतलं आणि १९२० मध्ये अँटवर्पला आपले धावपटू आणि मल्ल पोचले. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथं मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. भारतीय ऑलिंपिकची सुरुवात आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर झाली.

खो-खोचंही तसंच. या खेळाचे पहिले नियम १९१४ मध्ये डेक्कन जिमखान्यानं बसवले. पेठांतल्या शाळांच्या पटांगणांनी तो जगवला, संघांनी वाढवला. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं आपले देशी खेळ बर्लिनला नेऊन दाखवले. आणि १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो वर्ल्ड कपचे दोन्ही अंतिम सामने भारतानं नेपाळविरुद्ध जिंकले: मुलींनी ७८-४० असा, मुलांनी ५४-३६ असा. मुलांचा कर्णधार प्रतीक वाईकर, मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघंही पुण्याचे. शंभर वर्षं एखादा खेळ गल्लीत, शाळेत, संध्याकाळच्या सरावात टिकवला की काय होतं, त्याचं उत्तर त्या संध्याकाळी मिळालं. मला त्या विजयाचा अभिमान फुटबॉलच्या कुठल्याही रात्रीपेक्षा जास्त वाटला, हे इथं मोकळेपणानं सांगतो.

मग फुटबॉल का नाही? जागा नाही, असं सगळे म्हणतात. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. फुटबॉलचं पुरं मैदान १०५ बाय ६८. म्हणजे एका फुटबॉल मैदानाच्या क्षेत्रफळात खो-खोची सोळा मैदानं बसतात. पेठेतल्या शाळेचं पटांगण त्यातल्या एका-दोघांना पुरेल एवढं. हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. क्रिकेटलाही मोठं मैदान लागतं, तरी आम्ही ते वाड्याच्या चौकात, जिन्याखाली, वन टप्पा आउटच्या नियमानं खेळलो. कोल्हापूरच्या पेठाही काही मोकळ्या माळावर वसलेल्या नाहीत.

फुटबॉल पुण्यात आलाच नव्हता असंही नाही. तो कॅम्पात होता, खडकीच्या लष्करी मैदानांवर होता, कॉन्व्हेंट शाळांत होता. पेठांपासून सायकलवर अर्ध्या तासाच्या आत. पण क्रिकेटला इथं घर मिळालं. पूना यंग क्रिकेटर्स म्हणजे पीवायसी १९०० सालचं, मग जिमखाना, मग कॉलेजांची मैदानं, देवधरांसारखा गुरू, आणि पुढं आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन. स्वयंपाकघरात भाजी चिरणाऱ्या आजीलाही स्लिपमध्ये कोण उभं आहे ते कळायचं, कारण कुणीतरी तिच्या भाषेत ते तिला सांगत होतं. वि. वि. करमरकरांनी मराठी दैनिकात खेळाचं पान उभं केलं. फुटबॉलच्या वाट्याला मराठीत असा आवाज आला नाही. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स कप व्हायचा, पुढं मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन स्पोर्टिंग त्यासाठी कूपरेजवर यायचे. २००० च्या मोसमानंतर तो बंद पडला आणि मराठी घरात त्यासाठी कुणी चुकचुकलंही नाही.

*

या शहरात गेल्या काही वर्षांत फुटबॉलवर पैसा लागला नाही असं कुणी म्हणू नये. तो भरपूर लागला.

२००७ मध्ये पुणे एफसी निघाला. २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये तो चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसरा आला. अकादमी होती, मुलं घडत होती. २०१४-१५ मध्ये भारत एफसी आला आणि एकच मोसम खेळला. आधीपासून इथं असलेल्या शिवाजियन्स क्लबला मोठ्या उद्योगाचं पाठबळ मिळालं, तो आय-लीगमध्ये दोन मोसम खेळला आणि २०१७ मध्ये बाहेर पडला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर एफसी पुणे सिटी आली. फ्रान्सचा त्रेझेगे पहिल्या मोसमात इथं खेळला, पुढं रुमानियाचा मुतू. आम्ही डेक्कनवरून बस पकडून बालेवाडीला जायचो. केशरी जर्सी, ढोल, घसा बसेपर्यंत घोषणा. २०१७-१८ मध्ये टीम प्ले-ऑफला पोचली. ७ मार्च २०१८ ला बालेवाडीत बंगळुरूला ०-० रोखलं तेव्हा वाटलं, आता हे शहर आपलं झालं. चार दिवसांनी बंगळुरूत सुनील छेत्रीनं तीन गोल मारले आणि ३-१ नं आम्ही बाहेर पडलो. हरल्याचं वाईट वाटलं, पण तसं वाईट वाटणं ही चांगली गोष्ट होती. त्यातूनच टीम आपली होते.

२०१९ मध्ये टीम राहिली नाही. लीगमधली तिची जागा हैदराबाद एफसीनं घेतली. २० मार्च २०२२ ला गोव्यात फातोर्ड्याला केरळ ब्लास्टर्सना शूटआउटमध्ये हरवून हैदराबादनं लीग जिंकली.

दहा-बारा वर्षांत चार क्लब. एकही उरला नाही. यात कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. धंदा तोट्यात गेला की बंद होतो, तो कंपनीचा हक्कच असतो. पण बोएदोच्या लोकांनी सुपरमार्केटशी चाळीस वर्षं झुंज दिली आणि आम्ही बालेवाडीतून टीम गेली तेव्हा साधा मोर्चाही काढला नाही. कारण सरळ आहे. टीम आमच्या पैशानं, आमच्या मतानं, आमच्या गल्लीतून उभी राहिलेली नव्हती. आम्ही प्रेक्षक होतो, सभासद नव्हतो. पाटाकडील तालीम उद्या कुणी उचलून हैदराबादला नेईल, अशी कल्पना तरी करता येईल का?

*

देशाचा संघ याच मातीवर उभा असतो. १९५१ ला दिल्लीत आणि १९६२ ला जकार्तात भारतानं आशियाई सुवर्ण जिंकलं. १ डिसेंबर १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसोझानं यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, भारत ४-२ नं जिंकला आणि उपांत्य फेरीत गेला. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवलेला तो संघ काही सरकारी योजनेतून आला नव्हता. कोलकात्याच्या पाड्यांतले क्लब, हैदराबादच्या पोलिसांची टीम, मुंबईतल्या कंपन्यांच्या टीम, गोव्यातून आलेल्या कुटुंबांची मुलं, अशा अनेक छोट्या घरांतून तो आला. गोव्यात आजही चर्चसमोरच्या मैदानावर गावागावांच्या टीम भिडतात.

आज? जुलै २०२३ मध्ये फिफाच्या यादीत भारत ९९वा होता, जुलै २०२५ मध्ये १३३वा. त्याच २०२५ च्या मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशशी ०-०, जूनमध्ये हाँगकाँगकडून ०-१ अशी हार. त्याच जूनमध्ये उझबेकिस्तान आणि जॉर्डन पहिल्यांदा वर्ल्ड कपला पात्र ठरले. जॉर्डनची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर. ऑगस्टमध्ये खालिद जमील प्रशिक्षक झाले. मुंबईत खेळाडू म्हणून घडलेला, मिझोराममधल्या ऐझॉल या छोट्या क्लबला २०१६-१७ मध्ये देशाचा विजेता करणारा हा माणूस. ऐझॉलनं ते केलं, कारण मिझोराममध्ये गावोगाव टीम आहेत. जमील यांच्याकडून मला आशा आहे. पण प्रशिक्षक काही मैदानं आणि मंडळं उभी करू शकत नाही.

२०१८ चा जून आठवा. मुंबईत अंधेरीला भारत चायनीज तैपेईशी खेळला, ५-० नं जिंकला, छेत्रीनं हॅटट्रिक केली. प्रेक्षक २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीनं मोबाइलसमोर उभं राहून लोकांना हात जोडले: या, शिव्या द्यायला या, पण या, अशा अर्थाचं काहीसं तो बोलला. पुढच्या केनियाविरुद्धच्या सामन्याला पावसात स्टेडियम भरलं. सगळ्यांना बरं वाटलं, मलाही. तरी कर्णधाराला हात जोडून बोलवावं लागतं ही गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही. बोका ज्युनियर्सच्या कर्णधाराला ला बोकाला असं बोलवावं लागत नाही.

*

आमच्या पेठेत काय कमी आहे? माणसं आहेत. गणपतीच्या आधी दोन महिने ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. रोज संध्याकाळी नोकरी-कॉलेज आटोपून शेकडो मुलं-मुली वेळेवर हजर होतात, पावसात उभी राहतात, हाताला फोड येईतो वाजवतात, पथकाची शिस्त पाळतात, आणि याचे पैसे मागत नाहीत. ज्ञान प्रबोधिनीसारखी संस्था याच पेठेत आहे, जिनं मुलांना बरचीपासून गिर्यारोहणापर्यंत सगळं मैदानावर शिकवलं. मंडळांकडे वर्गणी गोळा करायची यंत्रणा आहे, हिशेब लिहिणारे काका आहेत, मांडव, दिवे, ध्वनियंत्रणा सगळं आहे. फुटबॉल क्लबला याहून वेगळं काय लागतं?

जागाही शोधली तर आहे. सारसबागेजवळचं महापालिकेचं सणस मैदान पेठेपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. स. प. च्या मैदानावर सकाळी पोरं विटांचे गोलपोस्ट करून खेळतात. पुरं मैदान मिळत नसेल तर सात-सात जणांची स्पर्धा घ्या. नारायण पेठ, शनिवार पेठ, कसबा, सदाशिव, शुक्रवार, नाना, रविवार: सात नावं तर नकाशावर आयती तयार आहेत. कसब्यात आणि सदाशिवात एरवी मिरवणुकीच्या क्रमावरून जी चुरस असते, ती मार्चपर्यंत मैदानावर आणता येईल. वर्गणीतले काही टक्के फुटबॉलला, प्रत्येक टीममध्ये पेठेत राहणारेच खेळाडू, आणि वर्षातून एकदा सभासदांसमोर हिशेब. कोल्हापूरच्या केएसएकडून शिकायला गेलो तर ती मंडळी हौसेनं शिकवतील. त्यांच्या चुकाही तेच सांगतील.

२०२५ मध्ये गणपती उठल्यावर आमच्या मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला. अपेक्षेप्रमाणे आधी खर्चाचं, मग पोलिस परवानगीचं, मग गुडघे फुटण्याचं बोलणं झालं. पण पथकातल्या दोन मुलींनी पहिला प्रश्न विचारला, तो टीम मुलींचीही होणार का, असा. व्हायलाच हवी. जुलै २०२५ मध्ये थायलंडच्या चिआंग माईत भारतीय मुलींनी थायलंडला २-१ हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी जिंकून आशियाई स्पर्धेत जाण्याची भारतीय महिला संघाची ही पहिलीच वेळ. पुरुषांचा संघ खाली घसरत होता त्याच काळात या मुली वर चढत होत्या.

ती स्पर्धा मार्च २०२६ मध्ये, ऑस्ट्रेलियात. गटात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई. तैपेईचं नाव वाचून मला जानेवारी २०२२ आठवला. ती आशियाई स्पर्धा महाराष्ट्रात होती, मुंबई, नवी मुंबई आणि आपल्या बालेवाडीत. नवी मुंबईत तैपेईविरुद्धच्या सामन्याआधी भारतीय मुलींमध्ये करोनाची लागण झाली, किमान तेरा जणींचा संघ उभा करता आला नाही आणि आपल्याच घरातल्या स्पर्धेतून भारत बाहेर पडला. बालेवाडीत मग चीन आणि जपान उपांत्य सामना खेळले. मोठा सामना झाला, शूटआउटपर्यंत गेला, आणि भारतीय प्रेक्षकाला तो पाहताना आपल्या मुलींची रिकामी जागा दिसत राहिली.

ऑस्ट्रेलियाचं घड्याळ आपल्यापुढं आहे, त्यामुळं तिथले सामने पाहायला रात्र जागवावी लागत नाही. मंडळानं ठरवलंय की अर्जेंटिनासाठी जिथं पडदा बांधला होता तिथंच मार्चमध्ये या मुलींसाठी बांधायचा. खर्चाची वही त्या दोघींकडेच दिली आहे, आणि सणस मैदानाच्या चौकशीचा अर्जही त्याच लिहिताहेत.